डावा हात वर

"दुखलं तर डावा हात वर करा, मी लगेच थांबेन."

हे वाक्य मी डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रोडवरच्या माझ्या दवाखान्यात, चौतीस वर्षं रोज बोलले. त्यातला अर्धा भाग मी मनापासून बोलत असे. डावा हात अशासाठी की दातांचा डॉक्टर पेशंटच्या उजव्या बाजूला बसतो. पेशंटने उजवा हात वर केला तर तो डॉक्टरच्या कोपराला लागतो आणि मग खरोखरच दुखतं.

आता दवाखाना बंद झालाय, त्या जागेत मोबाइलची कव्हरं मिळतात, तेव्हा आतली गोष्ट सांगायला हरकत नाही. दातांचे डॉक्टर थांबत नाहीत. निदान मी तरी थांबत नसे. सुन्न करायचं इंजेक्शन दिलं की दुखणं जातं, पण दाबल्यासारखं वाटायचं राहतं आणि आवाजही राहतो. दाढ हाडातून सुटताना जो आवाज होतो तो पेशंटला स्वतःच्या डोक्यातून ऐकू येतो आणि त्याला वाटतं, संपलं आपलं. तो हात वर करतो. डॉक्टरला माहीत असतं की हे दुखणं नव्हे आणि काम अर्ध्या मिनिटाचं उरलंय. आता थांबलं तर हा तोंड मिटणार, आणि ते पुन्हा उघडायला वीस मिनिटं जाणार. बाहेर सहा जण बसलेले असतात. मग डॉक्टर म्हणतो, "झालंच, एकच सेकंद." माझा एक सेकंद साधारण चाळीस सेकंदांचा असायचा.

या कामात मला शुभांगीची साथ होती. शुभांगी माझी सहायक, बावीस वर्षं माझ्याबरोबर. बाई उंच, हाडापेराने मजबूत आणि बोलायला कंजूष. ती पेशंटच्या डाव्या बाजूला उभी राहायची. एका हातात थुंकी ओढणारी नळी आणि दुसऱ्या हातात पेशंटचा डावा हात. अगदी हळुवार धरायची, वरून अंगठ्याने थोपटायची. पेशंट बाहेर जाऊन सांगत, "मॅडम जरा तिखट आहेत, पण त्यांची ती असिस्टंट, काय माया हो! सगळा वेळ हात धरून होती." एका बाईंनी तर संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलावून तिला साडी दिली. शुभांगीने ती घेतली. हात वर येऊ नये म्हणून धरायचा असतो, हे तिला मीच शिकवलं होतं. थोपटणं तिचं स्वतःचं.

दातांच्या डॉक्टरवर ताण असतो, हे लोकांना पटत नाही. ताण पेशंटला आणि डॉक्टरला फी, असा समज आहे. खरं म्हणजे जगात कुणीही आमच्याकडे खुशीने येत नाही. लोक लग्नाच्या साड्या घ्यायला जातात, हॉटेलात जातात, अगदी केस कापायलाही हसत जातात. आमच्याकडे येणारा प्रत्येक माणूस आम्ही दिसू नये अशी प्रार्थना करत येतो आणि आम्ही दिसतो. दिवसभर अशी तोंडं बघायची, तीही वाकून. मान जाते, कंबर जाते, आणि माझ्यासारखीचा मुळातला स्वभाव तापट असला की विचारूच नका.

एकदा आमच्या संघटनेने ठाण्याला एका हॉटेलात ताणावर व्याख्यान ठेवलं होतं. कोट घातलेले एक गृहस्थ म्हणाले, "अवघड पेशंट आला की डोळे मिटा, खोल श्वास घ्या आणि त्या माणसाला एक फूल समजा." मी मागून विचारलं, "डोळे मिटल्यावर ड्रिल कुठे टेकवायचं?" ते म्हणाले, प्रश्न शेवटी घेऊ. शेवटी जेवण होतं.

माझा उपाय साधा होता. राग आला की आतल्या खोलीत जायचं आणि कापसाचे बोळे वळायचे. दवाखान्याला बोळे लागतातच. शुभांगी संध्याकाळी बरणी बघून दिवस कसा गेला ते ओळखायची. "आज पाऊणच भरली," असं म्हणाली की दिवस बरा.

अर्धी बरणी तर काही काही पेशंट एकट्याने भरत. वरची दाढ काढली की डोळे जातात, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. एक निवृत्त हेडक्लार्क दाढ काढायच्या आधी भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभे राहिले आणि त्या दिवसाची तिथी, नक्षत्र, राहुकाळ सगळं मोठ्याने वाचलं. दाढ काढल्यावर तोंडात कापूस असतानाच पुन्हा तिथे जाऊन पुन्हा सगळं वाचलं. मग म्हणाले, "ठीक आहे," आणि फी दिली.

आंबिवलीहून एक आजी यायच्या. कवळी टोचते अशी तक्रार. मी जिथे टोचते तिथे घासून द्यायची, आठ दिवसांनी आजी हजर. "अगं बाई, आता इकडून टोचते." पाचव्या खेपेला सून बरोबर आली. मी वैतागून विचारलं, "कुणी केली हो ही कवळी? मापच चुकलंय." सून म्हणाली, "माप बरोबर आहे मॅडम, कवळी बाबांची आहे." आजोबा वर्षापूर्वी गेले होते. आजी म्हणाल्या, "चांगली होती गं. टाकवेना." मी कवळी पुन्हा घासायला घेतली, कारण तोवर घासून घासून मी ती जवळजवळ बसवत आणली होती.

तर असे पेशंट मी हसत नाही तरी बोळे वळत निभावले. ज्याच्यामुळे हे लिहायला बसले तो मात्र वेगळा.

प्रमोद भोईर माझ्याकडे आला त्याला तीन वर्षं झाली. समोरासमोर आमचं अहोजाहो होतं, पण वयाने तो माझ्या भाच्याएवढा, म्हणून लिहिताना एकेरीच येतंय. राहणारा ठाण्याच्या बाळकुमचा, तिथल्या जुन्या गाववाल्यांपैकी. चाळिशी ओलांडलेला, दारातून येताना खांदा तिरका करावा लागेल असा माणूस. बरोबर बायको, वनिता. तिच्या हातात हॉस्पिटलची फाइल होती आणि ती तिने माझ्या टेबलावर ठेवली नाही, आपटली.

"मॅडम, बाळकुमपासून इथपर्यंत दातांचे दवाखानेच दवाखाने आहेत. मी बाइकवर मागे बसून मोजत होते, पन्नासच्या वर झाले तेव्हा सोडून दिलं. पण ह्यांना तुम्हीच पाहिजे. का ते विचारलं तर सांगत नाय."

 प्रमोद खाली फरशीकडे बघत होता.

फाइलमध्ये हृदयाच्या सर्जनचं पत्र होतं. प्रमोदच्या हृदयाची एक झडप निकामी झाली होती, ती बदलायची होती. तीन आठवड्यांनंतरची तारीख दिलेली होती. आता हृदयाचा आणि दाताचा काय संबंध, असं वाचणाऱ्याला वाटेल. किडलेल्या दाढेतले जंतू रक्तातून जातात आणि नव्या झडपेवर जाऊन बसतात. मग झडप बदलूनही माणूस हाती लागेल याची खात्री नाही. म्हणून सर्जन आधी तोंड साफ करून मागतात. एक्स-रेत दिसत होतं की प्रमोदच्या खालच्या उजवीकडच्या दोन दाढा मुळापर्यंत सडल्या आहेत. त्या आठवड्याभरात निघायला हव्या होत्या, म्हणजे जखम भरायला वेळ मिळाला असता. नाहीतर ऑपरेशन पुढे, आणि पत्रात स्पष्ट लिहिलं होतं की ऑपरेशन पुढे ढकलण्यासारखी झडपेची अवस्था नाही. पूर्ण भूल देऊन दाढा काढायलाही मनाई होती. अशा हृदयाला भूल द्यायची ती एकदाच, मोठ्या ऑपरेशनला. पत्राच्या शेवटी लाल शाईने लिहिलं होतं, "पेशंट घाबरणार नाही याची काळजी घ्यावी." माझ्याबद्दल त्यांना कुणी सांगितलं होतं कोण जाणे.

प्रमोद खुर्चीत बसला. मी आरसा हातात घेऊन म्हटलं, "आ करा." त्याने तोंड उघडलं, पण बोलायला.

"हात वर केला तर थांबाल?"

"हो. डावा हात. लगेच थांबेन."

"काम अर्धं झालेलं असताना केला तर?"

"तरी थांबेन हो!"

त्याने माझ्याकडे बघितलं. मग शुभांगीकडे. शुभांगीचा हात सवयीने त्याच्या हाताकडे निघाला होता. तो उठला, "उद्या येतो" म्हणाला आणि गेला. वनिता त्याच्यामागून जाताना त्याला काय म्हणाली ते मी इथे लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी आला मात्र. खुर्चीत बसला, डोळे घट्ट मिटले, तोंड उघडलं. मी दाढ बघायला आरसा आत घातला, नुसता आरसा, आणि त्याचा हात हलला. शुभांगीने तो नेहमीसारखा अलगद धरला आणि थोपटला.

पुढचं सगळं एका क्षणात झालं. त्याने हात हिसडला, ट्रे उडाला, हत्यारं फरशीवर गेली, माझा चष्मा नळाच्या बेसिनमध्ये. प्रमोद भिंतीला पाठ लावून उभा होता, घामाने निथळत, एक हात छातीवर. मी त्या वेळी काय करायला हवं होतं ते पत्रात लाल शाईने लिहिलेलं होतं. मी ओरडले.

"अहो, एवढे घोड्यासारखे वाढलात! पाच वर्षांची पोरं बसतात या खुर्चीत! जगायचं नसेल तर तसं सांगा ना, मी दुसरे पेशंट घेते!"

दार उघडं होतं. बाहेरच्या सगळ्यांनी ऐकलं, वनितानेही ऐकलं. प्रमोद माझ्यासमोरून, तिच्यासमोरून सरळ बाहेर गेला आणि जिना उतरला. चपला दवाखान्याच्या दाराशीच राहिल्या. वनिता दोन पायऱ्या उतरली, मग परत वर आली.

"तुम्ही बोललात ते बरोबर असेल, मॅडम," ती म्हणाली. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "पण आता मी त्याला घेऊन जाऊ कुठं, तेवढं सांगा."

मी बेसिनमधला चष्मा उचलून पुसायला लागले. ती गेली. मी आत जाऊन बोळे वळायला बसले. बरणी भरली, दुसरी भरली, मग शुभांगी दारात येऊन उभी राहिली.

"कापूस संपला, मॅडम."

"मग मागव."

"मागवते," ती म्हणाली. "पण आज चुकलंच तुमचं."

बावीस वर्षांत एवढं मोठं भाषण तिने केलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडते तर प्रमोद जिन्यात बसलेला. चपला न्यायला आला होता. पायात वनिताच्या गुलाबी स्लिपर होत्या, टाचा मागे बोटभर बाहेर. मी म्हटलं, "आत या." तो आला आणि बाहेरच्या बाकावर बसला. त्या बाकाच्या वर भिंतीवर माझं एक मानपत्र फ्रेम करून लावलेलं होतं. मी नवी डॉक्टर असताना बाळकुमच्या एका शाळेत दातांचं शिबिर केलं होतं. एका दिवसात एकशे बारा मुलं तपासली म्हणून संस्थेने दिलेलं. मला त्याचा फार अभिमान होता.

प्रमोदने मान वर करून त्याच्याकडे बोट दाखवलं. "त्यातला एक मी."

मला आधी आनंदच झाला. मूर्खासारखी म्हणाले, "अरे वा!"

"चौथीत होतो," तो म्हणाला. "इथे दाढेला गळू झालेलं. तुम्ही बोललात, दुखलं तर डावा हात वर कर, मी थांबीन. मी केला. तुम्ही आमच्या सरांना बोललात, सर, जरा हात धरा त्याचा." तो डावं मनगट चोळत होता. "सरांनी धरला. मला ओरडता पण येत नव्हतं. तोंडात तुमचा हात होता."

मला तो आठवत नव्हता. खोटं कशाला सांगू? त्या दिवसाचे मला बटाटेवडे आठवत होते, शाळेचा कापडी फलक आठवत होता, सत्काराचा नारळ आठवत होता. तो मुलगा आठवत नव्हता. पण काय झालं असेल ते मला लख्ख कळलं. गळू असलं की सुन्न करायचं इंजेक्शन नीट लागू पडत नाही. अशा वेळी थांबायचं असतं, पुन्हा द्यायचं असतं, नाहीतर त्या दिवशी दाढेला हातच लावायचा नसतो. हे मी परीक्षेत लिहून पास झाले होते. पण रांग दारापर्यंत होती आणि मुख्याध्यापक दोनदा येऊन जेवण गार होतंय म्हणून सांगून गेले होते. त्या पोराला दाब वाटत नव्हता. त्याला दुखत होतं, जसंच्या तसं, आणि मी म्हटलं असणार, झालंच, एकच सेकंद.

"मग माझ्याकडे का आलात?" मी विचारलं. "दुसरा कुणीही चालला असता की."

"कॅम्पच्या कार्डावर तुमचा शिक्का होता. आईने रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवलेलं, ते नाव घेऊन शोधलं." तो चपलेचा अंगठा नीट करत होता. "भीती तुमची आहे, मॅडम. ती दुसऱ्याकडे नेऊन काय करू?"

मग त्याने त्याच्या कामाचं सांगितलं. तो क्रेन चालवायचा, घोडबंदरच्या टॉवरांच्या कामावर, वीस वर्षं. वरून खालचं नीट दिसत नाही, म्हणून खाली एक माणूस हाताने खुणा करतो. उचल, उतर, फिरव. या खुणा फक्त त्या एकाच माणसाच्या ऐकायच्या.

"पण थांब ही खूण कोणीही करू शकतो," प्रमोद म्हणाला. "झाडूवाल्या बाईने हात वर केला तरी थांबायचं. का म्हणून विचारायचं नाय. वर चार टन लटकत असलं तरी लटकत ठेवायचं. वीस वर्षांत मी एकदा पण पुढे ओढलं नाय."

"आणि उचल म्हणायचं असलं तर?"

त्याने एक बोट वर केलं आणि हवेत लहानसं गोल गोल फिरवलं.

मी म्हटलं, "चुकले मी." दोन्ही दिवसांबद्दल म्हटलं, शाळेच्या आणि कालच्या. डॉक्टरांच्या घशातून हे शब्द सहज निघत नाहीत, माझ्या तर नाहीच नाही. मला रडू येत होतं आणि रडले असते तर त्यालाच माझं सांत्वन करावं लागलं असतं, म्हणून रडले नाही.

"ते राहू दे," तो म्हणाला. "तुमचं एक थांबायचं राहिलंय. तेवढं करा."

दुसऱ्या दिवसाची वेळ ठरवून, चपला घालून, गुलाबी स्लिपर पिशवीत टाकून तो गेला. मी त्या दिवशी एकही बोळा वळला नाही. मला राग यावा असं माझ्याशिवाय कुणी समोर नव्हतं. मी त्या शिबिरातल्या उरलेल्या मुलांचा विचार करत बसले, आणि शुभांगीने बावीस वर्षांत धरलेल्या हातांचा. त्यातले किती तरी पेशंट नंतर कधी परत आले नव्हते. मी इतकी वर्षं समजत होते की त्यांचे दात चांगले आहेत.

चौथ्या दिवशी प्रमोद ठरल्या वेळी आला. हृदयाच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून घेतलं होतं, जंतूंविरुद्धची गोळी तासभर आधी दिली होती, दंडाला बीपीचा पट्टा लावला होता. वनिता बाहेर बाकावर बसली होती, त्या मानपत्राखालीच. ते मी काढून ठेवायला हवं होतं, पण सुचलं नाही.

"शुभांगी," मी म्हटलं, "हात सोड."

शुभांगीला त्या मोकळ्या हाताचं काय करावं ते कळेना. शेवटी तिने तो एप्रनच्या खिशात घातला.

मी आरसा उचलला. प्रमोदचा हात वर. मी आरसा खाली ठेवला. हात खाली. मी आरसा उचलला. हात वर. असं चार वेळा झालं. मग दिवा लावला, हात वर, दिवा बंद केला. इंजेक्शनला तीन वेळा थांबले. सुई लावून काढली, पुन्हा लावली. तो दुखतंय म्हणून हात वर करत नव्हता, हे मला कळत होतं. तो क्रेन तपासत होता. बाहेरून एक साहेब ओरडले, "मॅडम, माझी अपॉइंटमेंट साडेदहाची आहे!" मी आतून म्हटलं, "हो, आणि आता साडेअकरा झालेत." ते उठून गेल्याचं दार वाजलं. बीपीचा आकडा मात्र हळूहळू खाली येत होता.

इंजेक्शन दिल्यावर मी दहा मिनिटं नुसती बसून राहिले, घड्याळ लावून. मग ओठ टोचून बघितला, हिरडी टोचून बघितली. काही कळत नाही म्हणाला. मी दाढ काढायचा चिमटा हातात घेतला.

दाढ ओढून काढत नाहीत. जमिनीत ठोकलेला खुंटा कसा हलवून हलवून सैल करतात, तशी ती सैल करायची असते. जमायला लागलं. दाढ डुलायला लागली. एका बाजूने वर आली, रक्त आलं, आता फक्त मुळाचं टोक अडकलं होतं. मनगटाचा एक पीळ, दोन सेकंद, खरेखुरे दोन सेकंद. आणि प्रमोदचा हात वर गेला.

"झालंच, ए..." एवढं माझ्या तोंडून निघालंही.

मी चिमटा सोडवला, बाहेर काढला, ट्रेमध्ये ठेवला. दोन्ही हात त्याला दिसतील असे मांडीवर ठेवले. दाढ त्याच्या तोंडात तिरकी डुलत होती. शुभांगी माझ्याकडे अशी बघत होती, जणू बाईंना काहीतरी झालंय. इतक्या वर्षांत मी अशी अर्ध्यावर कधी थांबले नव्हते, आणि मला सांगायला लाज वाटत नाही, मी घाबरले होते. हा आता असाच उठला तर? असाच चपला टाकून, अर्धी सुटलेली दाढ घेऊन बाइकवर बसला तर? त्याच्या हृदयाचं काय, वनिताला काय सांगू, सगळं डोक्यात येऊन गेलं. नळीचा घुर्र आवाज चालू होता. प्रमोद माझ्या हातांकडे बघत होता. जिभेने त्याने दाढ चाचपली. पुन्हा माझ्या हातांकडे बघितलं. समोरच्या घड्याळात दीड मिनिट गेलं.

त्याने हात खाली ठेवला, खुर्चीच्या दांड्यावर, आणि बोटं पसरली. मग तोच हात पुन्हा थोडासा वर आला. एक बोट सरळ झालं आणि हवेत गोल गोल फिरलं.

मी उचललं.

दुसऱ्या दाढेला त्याने हात एकदाही वर केला नाही. मीच दोनदा थांबून वर बघितलं. काम झाल्यावर त्याने ट्रेमधल्या दाढा पाहिल्या आणि तोंडातल्या कापसातून म्हणाला, "एवढ्याशा?" मी म्हटलं, "मुळं बघा की!" जरा रागावूनच म्हटलं, कारण मुळं खरंच लांब होती. त्यानंतर पाचव्या दिवशी जखम बघून मी सर्जनला पत्र लिहून दिलं की तोंड साफ आहे, ऑपरेशन करायला हरकत नाही.

त्यानंतर दवाखाना बंद करेपर्यंत आम्ही कुणाचाही हात न विचारता धरला नाही. शुभांगीने कुरकुर केली. पेशंट विचारायचे, "ताई, आज हात नाही धरला?" मग ज्यांना धरून हवा असेल त्यांचा ती धरायची, पण विचारून. मी थांबायला लागले तसा दिवसाला तीन-चार पेशंटचा खोळंबा होऊ लागला. काही चिडून दुसरीकडे गेले. त्याचं मला वाईट वाटलं नाही असं नाही. पण जुने, वर्षानुवर्षं न आलेले काही लोक परत आले, आणि त्यांचे दात मुळीच चांगले नव्हते. कापूस मात्र कमी लागायला लागला. ते मानपत्र शेवटी शुभांगीनेच काढलं. फ्रेम चांगली होती म्हणून घरी नेली.

प्रमोदच्या ऑपरेशनचं सांगायचं राहिलं. ते ठरल्या तारखेला झालं. मी फोन करायचा नाही असं ठरवलं होतं, डॉक्टरने असं मागे लागू नये. पाचव्या दिवशी वनिताचाच आला.

"मॅडम, आज साध्या वॉर्डात आणला. पेज प्यायला. माझ्यावर ओरडला पण."

मी खुर्चीत बसले. पेशंटच्या खुर्चीत, तीच जवळ होती. मला जे विचारायचं होतं ते विचारलं, "नेताना घाबरला होता का गं?"

"त्याचंच सांगायला फोन केला," वनिता म्हणाली. "भूल देणारे डॉक्टर स्वतः बाहेर येऊन बोलले मला. टेबलावर घेतला, डॉक्टरांनी सुई हातात घेतली, तर ह्यांनी डावा हात वर केला. तेवढे सगळे डॉक्टर, नर्स, सगळे जागच्या जागी थांबले. कोण हलला नाय. डॉक्टरांनी विचारलं, काय झालं भोईर, काय होतंय?"

"मग?"

"बोलला, काय नाय, बघत होतो. आणि हात खाली घेतला."